किल्लीला अडकवायचा छोटा टॉर्च: जास्तीत जास्त नाही, कमीत कमी उजेड किती देतो ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोज स्कूटरवरून ऑफिसला जाणं-येणं, सोसायटीच्या जिन्यातले लाईट सारखे जातात, पावसाळ्यात चार-दोन ट्रेक होतात, म्हणून किचेनला लावायला छोटा टॉर्च हवाय, बजेट दीड हजारापर्यंत. ऑनलाईन एक ३९९ रुपयांचा दिसतोय, अंगठ्याएवढा, त्यावर १००० लुमेन (लुमेन म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) लिहिलंय, आणि नावाजलेल्या कंपनीचा ५५ लुमेनवाला मात्र त्याच्या दुपटीहून महाग आहे, तर ही काय भानगड? मोबाईलला टॉर्च असताना हे हवंच का, अशीही शंका आहे. आणि गावी वडिलांसाठी एक घ्यायचाय.

मी लिफ्ट मेंटेनन्समध्ये आहे. मशीन रूम, शाफ्ट, पिट म्हणजे लिफ्टच्या तळाचा खड्डा, कंट्रोल पॅनलच्या मागची अडगळ, सगळी अंधाराचीच कामं, त्यामुळे खिशात टॉर्च असणं ही हौस नाही, गरज आहे. मग हळूहळू त्याची हौसही लागली हा भाग वेगळा. त्यामुळे जे सांगतोय ते वापरणाऱ्याच्या बाजूने सांगतोय, दुकानदाराच्या नाही.

आधी मोबाईलचं बोलू, कारण तिथे बरेच जण चुकीच्या मुद्द्यावर भांडतात. मोबाईलचा लाईट वाईट नाहीये. साधारण ३०-५० लुमेन असतो, सगळीकडे सपाट पसरतो, पलंगाखाली गेलेलं झाकण शोधायला उत्तम. अडचण उजेडाची नाही, अडचण अशी की तो तुमचा फोन आहे. स्कूटर बंद पडली की फोन करायचाय आणि उजेडही पाडायचाय, पावसात ओल्या बोटाने स्क्रीन ऐकत नाही, बॅटरी चार टक्क्यांवर असते, आणि गटाराच्या जाळीवर किंवा लिफ्टच्या पिटावर वाकून बघताना हातातून सुटला तर पंचवीस हजार खाली जातात. किल्लीवरचा टॉर्च म्हणजे मोबाईलपेक्षा भारी उजेड नव्हे, मोबाईल अडकलेला असताना हाताशी असणारा उजेड. हे एकदा डोक्यात बसलं की कोणता घ्यायचा हा निर्णय बराच सोपा होतो, कारण मग १००० लुमेन कशाला हवेत हा प्रश्न आपोआपच पडतो.

आता ते १००० लुमेन. यात फसवाफसवी आहे हे सांगायला कंपनीचं नाव माहीत असायची गरज नाही, पाचवीतलं गणित पुरतं. अंगठ्याएवढ्या टॉर्चमध्ये जो लिथियम-आयन सेल मावतो तो साधारण १०० ते १५० एमएएचचा (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) असतो. १३० धरा. गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे जेमतेम अर्धा वॅट-तास. छोट्या टॉर्चमध्ये एलईडी आणि सर्किट मिळून एका वॅटला साधारण १०० लुमेन पडले तरी बरं म्हणायचं. म्हणजे १००० लुमेनला १० वॅट लागले, तेवढ्याशा सेलमधून पावणेतीन अँपिअर खेचायचे, आणि समजा खेचले तरी सेल तीन मिनिटांत रिकामा. आणि त्या १० वॅटमधला बराचसा भाग उष्णता होऊन बाहेर पडणार, ती एवढीशी बॉडी कुठे सोडणार? हातात धरवणार नाही. टाकी छोटी असली की नळ कितीही मोठा बसवा, बादली तेवढीच भरते. त्यामुळे ३९९ वाल्यावरचा आकडा छापलेला आहे, मोजलेला नाही. प्रत्यक्षात तो शंभर-दीडशे देत असेल, आणि तो टॉर्च म्हणून ठीकही असेल, पण जो आकड्यात एवढं खोटं बोलतो तो सेलच्या प्रोटेक्शन सर्किटबद्दल खरं बोलेल हे मी तरी धरून चालणार नाही, आणि ती वस्तू पँटच्या खिशात ठेवायचीय.

मोठ्या कंपन्याही साळसूद नसतात, फक्त त्यांचं खोटं नियमात बसवलेलं असतं. चांगल्या टॉर्चच्या खोक्यावर एएनएसआय एफएल-१ असा उल्लेख असतो, ती २००९ मध्ये आलेली मोजण्याची पद्धत आहे. त्यात लुमेन मोजतात टॉर्च चालू केल्यावर तीस सेकंदांनी. आणि रनटाइम म्हणजे त्या आकड्याच्या दहा टक्क्यांवर उजेड येईपर्यंतचा वेळ. आता यातली गंमत बघा, ३०० लुमेनचा टॉर्च एक मिनिट ३०० देतो, मग गरम होतो म्हणून स्वतःहून ५० वर येतो आणि हळूहळू ३० पर्यंत घसरतो, तरी खोक्यावर ३०० लुमेन आणि समोर तासभर असं कायदेशीर छापता येतं. म्हणून तो वरचा आकडा वाचून सोडून द्यायचा. अंतराचंही तसंच, ४० मीटर लिहिलंय याचा अर्थ ४० मीटरवर पाव लक्स उजेड पडतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. त्यात काहीतरी आहे एवढं कळेल, काय आहे ते कळणार नाही. मी छापलेल्या अंतराचा तिसरा हिस्सा धरतो.

शिवाय डोळ्यांचा हिशोब वेगळा असतो. उजेड चौपट केला तरी डोळ्याला साधारण दुपटीएवढाच वाटतो. ५० आणि २०० मध्ये फरक दिसतो, पण १५० आणि २०० मध्ये शेजारी ठेवून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. त्या पन्नाससाठी जास्त पैसे मोजू नका.

मग बघायचं काय? माझ्या मते पहिली गोष्ट सगळ्यात कमी उजेडाचा मोड. हे ऐकायला उलटं वाटेल. पण किल्लीवरचा टॉर्च तुम्ही कशाला वापरणार ते एकदा आठवा: कुलूप, मीटर बॉक्स, स्कूटरच्या सीटखालचे कागद, रेल्वेच्या स्लीपर डब्यात रात्री दोन वाजता खाली गेलेली चप्पल, झोपलेल्या पोराच्या खोलीतून चार्जर. सगळं हाताच्या अंतरावरचं, अर्ध्या मिनिटाचं काम. याला पाच लुमेन पुरतात, अंधाराला डोळे सरावलेले असतील तर एकही पुरतो. तिथे २०० लुमेन पांढऱ्या कागदावर मारले की ते परत तुमच्याच डोळ्यात येतात, आणि मग पुढची वीस-पंचवीस मिनिटं अंधारात नीट दिसत नाही कारण डोळ्यांना पुन्हा सरावायला तेवढा वेळ लागतो. आणि डब्यातले लोक शिव्या घालतात ते वेगळं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांकडे टॉर्च मारायची वेळ येते तेव्हा मी कधीही थेट मारत नाही, आधीच घाबरलेली असतात, केबिनच्या छताकडे मारायचा म्हणजे सगळीकडे मऊ उजेड पडतो. जिन्यातले लाईट गेल्यावर तुम्हीही तेच करा, छत पांढरं असेल तर पन्नास लुमेनमध्ये अख्खा मजला दिसतो.

तर खालचा मोड एक ते पाच लुमेनचा हवा, आणि महत्त्वाचं म्हणजे बटण दाबल्यावर तो पहिला लागायला हवा. काही टॉर्च आधी हाय लावतात, मग मीडियम, मग लो, म्हणजे चप्पल शोधायच्या आधी डबा उजळून निघतो. थ्रूनाईटचा टीआय३ म्हणून एक ट्रिपल-ए सेलवर चालणारा छोटा टॉर्च आहे, तो एका लुमेनच्याही बराच खाली सुरू होतो, हे मला कायम शहाणपणाचं वाटलंय. ५५ लुमेनवाला तुम्ही म्हणताय तो बहुतेक नाईटकोरचा ट्यूब असावा, प्लॅस्टिकचा, वजन जेमतेम दहा ग्रॅम. त्याचा आकडा छोटा दिसतो, पण वर जे गणित केलं त्यात तो बसतो, आणि म्हणूनच महाग असूनही तो प्रामाणिक आहे.

दुसरी गोष्ट सेल, आणि इथे मात्र उत्तर तुमच्या स्वभावावर आहे, माझ्यावर नाही. दोन प्रकार. एक, आतच बसवलेला रिचार्जेबल सेल, यूएसबीने चार्ज होणारा. हलका, छोटा, झकास उजेड. पण दर महिन्या-दीड महिन्याला आठवणीने चार्ज करायला हवा, कारण इलेक्ट्रॉनिक बटण असलेला टॉर्च बंद असतानाही किंचित करंट पीत असतो. आणि तो सेल काही वर्षांनी म्हातारा होणार, बहुतेक मॉडेलमध्ये बदलता येत नाही, मग टॉर्च फेकायचा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवत असाल तर त्याहून लवकर. नागपूर-अकोल्याकडच्या लोकांनी हे मनावर घ्या. घेताना चार्जिंग पोर्ट टाइप-सी आहे ना बघा, आणि तरी एक खुबी आहे: स्वस्त टॉर्चमध्ये टाइप-सीचे पाच पैशाचे रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने तो चार्जच होत नाही. लोक खराब निघाला म्हणून परत करतात. जुन्या चौकोनी यूएसबीची केबल लावली की चालतो.

दुसरा प्रकार ट्रिपल-ए सेलचा, रिमोटमध्ये असतो तो. जरा लांब, जरा जड, पण सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. यात एकच धोका, साधा अल्कलाइन सेल महिनोन्महिने तसाच राहिला की गळतो, ते पांढरं आतल्या धातूला खातं आणि सेल बॉडीत असा चिकटतो की निघत नाही. उपाय म्हणजे रिचार्जेबल निकेल वाला सेल, एनेलूपसारखा. त्यात ७५० एमएएच, १.२ व्होल्ट, म्हणजे ०.९ वॅट-तास, वरच्या इवल्याशा लिथियमच्या जवळपास दुप्पट, आणि वर्षभर पडून राहिला तरी बहुतेक चार्ज टिकतो. घरात आधीच चार्जर असेल तर हाच पर्याय. नसेल तर चार्जर आणि सेलचा खर्च बजेटमध्ये धरा. एक सांगतो, त्याच मापाचा ३.७ व्होल्टचा १०४४० सेल मिळतो आणि तो टाकला की उजेड दुप्पट होतो असे व्हिडिओ बघाल, कंपनीने चालतो असं स्पष्ट लिहिलं नसेल तर नका टाकू, सर्किट जळतं.

सोपी परीक्षा सांगू का, तुमचे इअरफोन वेळेवर चार्ज असतात का? असतील तर पहिला प्रकार घ्या. ऐनवेळी मेलेले असतात म्हणत असाल तर दुसरा.

आता किल्लीचा मुद्दा, ज्यावर कोणी बोलत नाही. परदेशी व्हिडिओत किचेन खिशात असतं. आपल्याकडे दिवसाचा तास-दीड तास किल्ली स्कूटरला लटकलेली असते, पावसात, धुळीत, खड्ड्यात हेलकावे खात. टॉर्च तिथे प्लॅस्टिकवर आपटतो, ओरखडे पडतात, पोर्टवरचं रबरी झाकण सैल होऊन पाणी जातं. आणि ऐन गरजेला, म्हणजे गाडी चालू ठेवून खाली वाकून काय खडखडतंय ते बघायचं असतं, तेव्हा टॉर्च इग्निशनला अडकलेला. म्हणून टॉर्च गाडीच्या किल्लीत घालूच नका, घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात घाला, आणि मध्ये एक छोटा क्विक-रिलीज हूक टाका, वीस-तीस रुपयांत हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. टॉर्चसोबत येते ती बारीक रिंग काढून टाका, ती एक दिवस उघडते आणि टॉर्च कुठे पडला ते कळतही नाही.

हूकचं अजून एक कारण आहे आणि ते चेष्टेचं नाही. मीटर बॉक्स किंवा डीबी (घरातला एमसीबींचा डबा) उघडून बघताना चार लोखंडी किल्ल्या लोंबणारा धातूचा टॉर्च आत नेऊ नका. किल्ली फेज आणि अर्थिंगवर एकदम टेकली की काय होतं ते बघायची हौस नसावी कुणाला. टॉर्च सोडवून घ्या, शक्यतो प्लॅस्टिक बॉडीचा वापरा, आणि तोंडात तर अजिबात धरू नका. आमच्यातली जुनी माणसं धरायची, तेव्हा आत साधे सेल असायचे. लिथियम सेल बिघडला तर गरम वायू सोडतो, तो तोंडात नको. ज्याच्या बुडाला चुंबक आहे किंवा टोपीला लावायची क्लिप आहे असा घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात.

लॉक हवाच. खिशात बटण दाबलं जाऊन टॉर्च लागतो, तासाभराने मांडी का भाजतेय म्हणून बघावं तर टॉर्च तापलेला आणि सेल संपलेला. काहींना ठराविक वेळा दाबून लॉक करता येतं, काहींचं डोकं पाव वळसा सैल केलं की झालं. नुसतं फिरवून चालू होणारे टॉर्च खिशात आपोआप फार लागत नाहीत, पण किल्ल्यांत खडखडून खडखडून सैल होतात, त्यांच्या रबरी रिंगला अधूनमधून सिलिकॉन ग्रीसचं बोट लावायचं, मग फिरवायलाही बरं आणि पाणीही जात नाही. पाण्याचं म्हणाल तर आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आपल्या पावसाला एवढं भरपूर. पुढेमागे सरकणाऱ्या झूमवाल्यांपासून लांब राहा, ती सरकती फट पाण्याला नीट बंद होत नाही.

उजेडाचा रंग हा माझा आवडता विषय, पण तुमच्यासाठी थोडक्यात. स्वस्त टॉर्चचा उजेड निळसर पांढरा असतो, त्यात लाल रंग तपकिरी दिसतो. मला वायरी ओळखायच्या असतात, लाल-पिवळी-निळी फेज, त्यामुळे मी ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) असलेलाच घेतो, निचिया कंपनीची ५१९ए एलईडी असेल तर डोळे मिटून. तुम्हाला कुलूप उघडायचंय, तुम्ही यासाठी बजेट वाढवू नका. मिळाला तर घ्या, एकदा सवय झाली की निळसर उजेड नकोसा होतो एवढाच इशारा. रोव्हीव्हॉनच्या काही टॉर्चना बाजूला यूव्ही लाईट असतो, त्यात नोटेचा नंबर चमकतो, कारण तो फ्लुरोसंट शाईने छापलेला असतो. दुकान असेल तर कामाचं आहे, नाहीतर पहिल्या आठवड्याची करमणूक.

तुमचं सगळं बघता, म्हणजे दीड हजार, स्कूटर, जिना, मी ट्रिपल-एचा, दोन-तीन मोडचा, १०० ते २०० लुमेनचा घेईन. ओलाईटचा आय३टी बघा, खाली ५ आणि वर १८० लुमेन, मागे बटण. किंवा थोडा जड वाटला तर तो नाईटकोरचा ट्यूब. भाव सेलमध्ये बरेच खालीवर होतात, थांबता येत असेल तर थांबा. ट्रेकला मात्र यातलं काहीही मुख्य टॉर्च म्हणून नेऊ नका. धुक्यात रात्री हरिश्चंद्रगड उतरताना हेडटॉर्चच हवा, किल्लीवरचा फक्त हेडटॉर्चचे सेल बदलताना उजेड पाडायला.

आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत एवढं करून बघा: हाय मोडवर पाच मिनिटं हातात धरा, धरवतो का. लो मोडवर नळाच्या धारेवर मारा, धारेचे थेंब तुटक तुटक दिसले तर उजेड फडफडतोय, काहींना त्याने डोकं दुखतं. रात्री लॉक करून ठेवा, सकाळी लागतो का बघा. आणि आयपीएक्स७ लिहिलं असेल तर ग्लासभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बिचकू नका, गळायचाच असेल तर आत्ता गळू दे.

वडिलांचं उत्तर पूर्ण वेगळं आहे. त्यांना मोड, लॉक, तीनदा दाबा असलं काही देऊ नका. एकच मोड, फिरवला की लागला, ओलाईटचा आय३ई त्या प्रकारचा, ट्रिपल-ए वाला, म्हणजे सेल गावातच मिळेल. बोटं दुखत असतील तर फिरवायच्या ऐवजी मागे बटण असलेला बघा. किल्लीला नको, जाड दोरीत ओवून उशाच्या खुंटीला. पण तुम्ही लिहिलं नाहीये ते विचारतो, शेतीच्या पंपाला रात्रपाळीची लाईट असते का आणि ते पाणी द्यायला जातात का? जात असतील तर हा छोटा टॉर्च त्या कामाचा नाही. मण्यार रात्रीच फिरते, घोणस पाचोळ्यात पडून राहते, ती पाच-सहा पावलं आधी दिसायला हवी, आणि त्यासाठी १८६५० सेलवाला (जाड रिचार्जेबल लिथियम सेल) भरपूर उजेडाचा मोठा टॉर्च, रुंद झोताचा, आणि पायात गमबूट लागतात. मग तुमच्या टॉर्चमधले पाचशे वाचवा आणि ते तिकडे घाला.